बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज : राहायला कसे आहे?

नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमध्ये घर घ्यावे का, निदान भाड्याने राहून पाहावे का, असे विचारणारे लोक साधारणपणे दोन प्रकारचे असतात. काहींनी या वसाहतीचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचे नाव ऐकलेले असते आणि जुन्या छायाचित्रांतली कौलारू, पांढरी घरे त्यांच्या मनात असतात. काहींना एजंटाने ‘स्वस्तातले रो-हाऊस’ म्हणून इथे आणलेले असते. थोडी निराशा दोघांच्याही वाट्याला येते. मूळ रूपातली कौलारू घरे आता शोधावी लागतात, आणि रो-हाऊस तर ही कधीच नव्हती, कारण शेजाऱ्याची आणि आपली भिंत एक नसावी हा इथल्या मूळ आराखड्याचा पायाच होता. मी इथे भाडेकरू आहे. वास्तुकलेचे विद्यार्थी कॅमेरे घेऊन येतात तेव्हा त्यांना दिसते त्यापेक्षा थोडे वेगळे मला रोज दिसते, आणि तेच इथे मांडतो.

ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, उभी राहिली. सुमारे ५.४ हेक्टर जागेवर साधारण ५५० कुटुंबांची सोय, तीही लिफ्ट आणि उंच इमारतींचा आधार न घेता, असा हा हिशेब होता. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे ऐपतीप्रमाणे घरातील बांधकाम कमीजास्त असले तरी पायाखालच्या जमिनीत फारसा फरक नाही. सात घरे एका चौकाभोवती. हा चौक साधारण ८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा चौक, त्याच्याही पुढे तिप्पट घरांचे त्याहून मोठे मैदान, आणि अखेरीस पारसिकच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यालगतची सगळ्यांची मोकळी जागा. कागदावर हे गणितासारखे दिसते. प्रत्यक्षात मात्र पाहुणे हमखास चुकतात, आणि पार्सल घेऊन येणारा मुलगा तर पहिल्या वेळी फोन केल्याशिवाय दारापर्यंत पोहोचतच नाही.

माझ्या मते इथे राहण्याचे खरे मोल त्या सात घरांच्या चौकात आहे. त्याचे माप अचूक जमले आहे. समोरच्या दारातल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते, आणि तरीही त्याच्या स्वयंपाकघरात आपली नजर जात नाही. आमच्या चौकात सकाळी ओट्यावर भाजी निवडली जाते, मे महिन्यात पापड-कुरडया वाळत पडतात, संध्याकाळी मुलांचा खेळ चालतो आणि कुणाही एका मोठ्या माणसाचे लक्ष असले की बाकीचे निर्धास्त असतात. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : तुमच्याकडे कोण आले, किती वाजता गेले आणि जाताना हातात कोणती पिशवी होती, हे सातही घरांना ठाऊक असते. ज्यांना फ्लॅटचे दार लावून घेण्याची सवय आहे, त्यांना हे जाचक वाटेल.

कोरिया यांच्या एकूण कामाकडे पाहिले, तर हा चौक त्यांना इथेच सुचला असे म्हणता येत नाही. १९३० साली सिकंदराबादला जन्मलेले कोरिया अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी येथे शिकले, आणि १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. १९६३ साली पूर्ण झालेल्या साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात त्यांनी कौलारू छपरांचे लहान चौरस मांडले, आणि त्यांतले काही आकाशाला उघडे ठेवले. आपल्या हवेत वर्षातला बराच काळ माणूस छपराखाली कमी आणि अंगणात, ओट्यावर, गच्चीवर जास्त राहू शकतो, तेव्हा उघडे आकाश हीसुद्धा एक खोलीच आहे आणि ती सर्वांत स्वस्त आहे, हे सूत्र त्यांनी पुढे सोडले नाही. बेलापूरचे काम सुरू झाले त्याच १९८३ साली मुंबईत कंबाला हिलवर त्यांची कांचनजंगा ही उंच इमारत पूर्ण झाली. तिथे श्रीमंतांच्या फ्लॅटला कोपऱ्यात दोन मजली उंचीची गच्ची मिळाली. इथे कमी उत्पन्नाच्या माणसाला अंगण. विचार एकच, खर्च वेगळा.

खुद्द नवी मुंबईच्या कल्पनेतही त्यांचा वाटा होता. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, हा प्रस्ताव १९६० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांच्यासोबत मांडला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर त्यांनी काही वर्षे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून कामही पाहिले. राज्य सरकारची कचेरीही नव्या शहरात हलावी असे त्या प्रस्तावात होते. ती मात्र दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंटलाच राहिली, आणि त्या मूळ कल्पनेतला मोठा तुकडा तिथेच गळला.

आता घरांविषयी. गवंडी आणि सुतार यांना सहज बांधता येईल आणि कुटुंबाला पैसा येईल तशी वाढवता येईल, अशी साधी घरे कोरिया यांनी दिली. भिंत सामाईक नसल्यामुळे शेजाऱ्याची परवानगी किंवा नाराजी न ओढवता खोली चढवता यावी, हा हेतू. लोकांनी या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला, अगदी वास्तुरचनाकाराला अभिप्रेत होता त्याहून कितीतरी अधिक. एक खोली वाढवण्याच्या जागी आता जुने घर पूर्ण पाडून स्लॅबचे दोन-तीन मजले उभे राहतात. दर्शनी भागाला चकचकीत टाइल्स, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि स्टीलचे कठडे येतात. माझे घर आणि शेजारचे घर यांच्यामध्ये जो बोळ आहे, त्यातून आता आडवे होऊनच जाता येते. त्यात दोन्हीकडच्या एसीचे पाणी टपकते, आणि जुलैमध्ये शेजारच्या गच्चीचा पन्हाळ नेमका आमच्या भिंतीवर उलटतो. आतून पोपडे निघालेली ती भिंत दर दिवाळीला रंगवायची, हे इथे गृहीतच धरावे लागते. तळमजल्यावर दुपारीही दिवा लावावा लागतो.

यावर हळहळणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. घर वाढावे असेच कोरिया यांना हवे होते, आणि १९८६ ची कौले जपण्यासाठी कुणी दोन पिढ्या एका खोलीत काढाव्यात असा आग्रह धरणे त्यांच्याच विचाराविरुद्ध आहे. पण त्यांचा एक अंदाज मला कच्चा वाटतो. हातात पैसा थोडा असेल आणि घर हळूहळू वाढेल, हे त्यांनी धरले होते. जमिनीचा भाव चढल्यावर एकाच वर्षात सगळे पाडून बांधणारा मालक येईल आणि वरचे मजले भाड्याने देईल, याला आवर घालणारी कोणतीही गोष्ट आराखड्यात नाही. चौक टिकले, याचे कारण बहुधा हे, की ते कुणा एकाच्या नावावर नाहीत.

तेव्हा इथे जागा पाहायला येणाऱ्याने घराच्या आधी चौक पाहावा. ज्या चौकात मोटारी शिरल्या आहेत तिथे मुले खेळत नाहीत, आणि ज्या चौकाच्या तोंडाशीच दुचाकी थांबतात तिथे जुनी व्यवस्था अजून चालू आहे. शक्य असेल तर पावसाळ्यात यावे, बोळाकडची भिंत हाताने चाचपून पाहावी आणि वरच्या मजल्याचे पाणी कुठे पडते हे मालकाला स्पष्ट विचारावे. भाडे ठरवताना दर वर्षीच्या रंगकामाचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्यावे. चारचाकी असेल तर ती बाहेरच्या रस्त्यावरच उभी राहील, आणि रविवारी तीही जागा मिळेलच असे नाही.