मराठी बायबलचं ॲप सात महिने वापरलं, ते फक्त संदेष्ट्यांसाठी

सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. मी ख्रिश्चन नाही, ज्यूही नाही. घर अलिबागकडे, शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, काकू, त्यांच्याकडे लहानपणी आम्ही मलिद्याला, म्हणजे त्यांच्या एका धार्मिक विधीला, जायचो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं रचलेली, आणि सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन गाणं म्हणायचे. हा एलियाहू कोण, हे मी कधी विचारलंच नाही. काकू गेल्या वर्षी इस्राएलला मुलाकडे गेल्या तेव्हा वाटलं आता तरी वाचूया.

पहिलीच अडचण सर्चची. ‘एलियाहू’ टाकलं, काही नाही, ‘एलिया’ टाकलं, तरी नाही. मराठी बायबलात तो ‘एलीया’ आहे, ली दीर्घ. हे कळेपर्यंत दोन दिवस गेले, नावांची यादी द्यायला हवी होती राव.

पण ऑडिओ फार सुंदर! एसटीत कानात लावून ‘१ राजे’ हे बायबलातलं पुस्तक ऐकलं. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता, अहाब राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता, बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा पैसे देतो म्हणाला, नाबोथ म्हणाला वडिलोपार्जित जमीन मी देणार नाही. राजा तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने, राजाचा शिक्का मारून पत्रं पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला पोचतो तर समोर एलीया उभा, खून केलास आणि वर जमीनही घेतलीस का म्हणून विचारतो. माझा स्टॉप निघून गेला, मला कळलंच नाही. तोपर्यंत मला वाटायचं संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, पण हा तर राजाला तोंडावर जाब विचारतो. दुसरा संदेष्टा आमोस तर तकोवा गावचा मेंढपाळ, उंबराच्या फळांची निगा राखणारा, तो उत्तरेला बेथेलला जाऊन सांगतो की तुम्ही गरिबाला जोडाभर चपलांसाठी विकता. तिथला याजक, म्हणजे पुजारी, त्याला म्हणतो, आपल्या गावी जा.

खटकलं ते टिपांमध्ये. प्रत्येक संदेष्टा येशूकडेच बोट दाखवतो एवढंच त्यात लिहिलंय. ख्रिश्चनांची ती श्रद्धा आहे, मला मान्य, पण हेच ग्रंथ आधी ज्यूंचे आहेत ना? जुना करार मलाखीने संपतो, एलीया परत येईल या वचनावर, आणि पान उलटलं की मत्तय, नव्या करारातलं येशूचं पहिलं चरित्र. ज्यूंच्या तनाखात, म्हणजे त्यांच्या बायबलात, मलाखी मध्येच येतो, शेवटी इतिहासाचं पुस्तक. दानिएलही त्यांच्याकडे संदेष्ट्यांत धरत नाहीत. दोन ओळी यावर हव्या होत्या, कारण क्रम बदलला की अर्थच बदलतो.

अग्निरथ आला आणि एलीया वावटळीतून स्वर्गात गेला, मेला नाही, म्हणून सगळ्यांकडे तो येत राहतो. ज्यू घरांत वल्हांडणाच्या सणाला त्याच्यासाठी पेला भरतात, सुंतेला खुर्ची ठेवतात. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, डोंगरावर तो मोशेबरोबर येशूला भेटतो. कुराणात तो इलियास, बआल या देवाची पूजा सोडा म्हणून सांगणारा. आणि बेने इस्राएल मानतात की तो आमच्या कोकणात आला, अलिबागजवळच्या खंडाळा गावात खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत.

बाकी, कॉल आला की ऑडिओ अध्यायाच्या सुरुवातीला जातो, दोनदा कळवलं, उत्तर नाही. नकाशा नाही, त्यामुळे इस्राएल आणि यहूदा ही दोन वेगळी राज्यं आहेत हे कळायला महिना लागला. फुकट आहे, नेटशिवाय चालतं, अक्षर मोठं होतं. चार स्टार.

नवीन असाल तर यशयापासून सुरू करू नका, १ राजे, अध्याय १७ पासून करा. काकूंना फोनवर नाबोथाचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं, पुढच्या मलिद्याला तूच सांग ही गोष्ट सगळ्यांना. सध्या यिर्मया चालू आहे, अध्याय १८, तो कुंभाराच्या घरी गेलाय.