आशाताईंना व्हीआयए शिकवायचं, की एचपीव्हीचा नमुना घ्यायला लावायचं?

तालुक्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुरू करायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो प्रशिक्षणाचा. कुणाला शिकवायचं आणि काय शिकवायचं? महाराष्ट्राला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. दोन्ही पद्धतींची मोठी चाचणी आपल्याच मातीत झाली आहे.

पहिली पद्धत व्हीआयए, म्हणजे ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरणारं उपकरण) लावून गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांकडून करून घेतलं. तपासणीच्या गटात ७५ हजारांवर स्त्रिया होत्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. डॉक्टर नाही, नर्स नाही, तरी हा परिणाम.

या चाचणीचा दाखला देताना ‘४ आठवड्यांचं प्रशिक्षण’ तेवढं सांगितलं जातं. दर २ वर्षांनी एक अशा ४ फेऱ्या झाल्या, आणि त्या बायका याच कामासाठी नेमलेल्या होत्या, हे मात्र मागे राहतं. आशाताईंकडे आधीच लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं आहेत. महिन्याकाठी चार-दोन बायका तपासून नजर तयार होत नाही. साधी सूज आणि खरा डाग यांतला फरक हाताखालून भरपूर बायका गेल्यावरच कळू लागतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यातही आशाताईंचं काम यादी करून बायकांना केंद्रावर आणण्याचं आहे. व्हीआयए एएनएम किंवा स्टाफ नर्सने करायची, ३० ते ६५ वयात, दर ५ वर्षांनी. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी केल्याचं सांगितलं. कागदावर जबाबदारी वाटून दिली म्हणजे काम झालं असं नाही.

दुसरी पद्धत एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो तो नमुन्यात आहे का ते प्रयोगशाळेत बघायची. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखावर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथेच एकदाच केलेल्या व्हीआयएने लक्षणीय घट दिसली नाही. उलट तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये नर्सनी एकदाच व्हीआयए करून मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. तिथे डाग दिसला की, योग्य असेल तर, त्याच भेटीत नर्सच क्रायोथेरपी (डागाची जागा गोठवून नष्ट करणं) करत. मला हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एचपीव्हीचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच ब्रशने घेऊ शकते. त्यामुळे आशाताईंना शिकवायचं ते थोडं: समजावणं, कुपीवर नाव-नंबर नीट लिहिणं, नमुना वेळेत पोचवणं. ‘तिथं कोण बघणार?’ या लाजेतून सुटका होते, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये जिथे व्हीआयएत नीट दिसत नाही, तिथेही ही चाचणी चालते. निगेटिव्ह आलं तर निदान ५ वर्षं निश्चिंती.

अडचण पुढे येते. चाचणी महाग पडते, अहवालाला दिवस लागतात, आणि धाराशिवमध्ये शंभरातल्या साधारण १० जणी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. त्या दहाही जणींना परत बोलावून तपासावं लागतं. शिवाय हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं की घरात संशयाचं भूत शिरतं. ‘हा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो, बहुतेकदा आपोआप जातो, आणि हा कॅन्सर नव्हे’ हे आशाताईंच्या तोंडी बसवायला कुपी हाताळण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

माझं मत विचाराल तर प्रयोगशाळा आवाक्यात असेल, तर आशाताई आणि एचपीव्ही. टीबीसाठीचं ट्रूनॅट यंत्र, गोव्याच्या मोलबायोचं, तालुक्यात असेल तर त्याचीही चौकशी करा. त्यावर एचपीव्हीची चिप चालते. प्रयोगशाळा नसेल तर व्हीआयएच, पण सगळ्या आशाताईंना दोन दिवसांचं शिबिर देऊन नव्हे. चार-पाच जणी पूर्णवेळ नेमा आणि त्यांच्यावर देखरेखीला स्त्रीरोगतज्ज्ञ ठेवा. दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालयात थर्मल ॲब्लेशनची (डागाची जागा उष्णतेने नष्ट करण्याची) सोय आणि संशयितांसाठी बायोप्सीचा रस्ता आधी पक्का करा. तो नसेल तर सहा महिने थांबलेलं बरं.

यादी करताना पिशवी काढली आहे का, आणि काढली असेल तर मुखासकट का, हे विचारा. मुखच नसेल तर ही तपासणी कशाची करणार? बीडसारख्या भागात अशा बायका कमी नाहीत. ऊसतोडीच्या गावांत दसऱ्या-दिवाळीला नमुने घेऊ नका. अहवाल येईपर्यंत बाई कारखान्याच्या तळावर गेलेली असते. टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये नमुने घ्या आणि उपचाराच्या तारखा पावसाळा संपायच्या आत ठेवा.