वाळूची घड्याळं, तीन नगांचा सेट: चार वर्षांच्या मुलाच्या घरात तीन महिने वापरून

मी एसटीत वाहक आहे, सातारा-पुणे मार्गावर. स्थानकावर "गाडी कधी लागणार?" असं विचारणाऱ्याला "येईल एवढ्यात" म्हटलं, की तो दोन मिनिटांनी आवाज चढवून परत येतो. "खंबाटकीत ट्रक बंद पडलाय, पाऊण तास धरा" असं सांगितलं, की तोच माणूस चहा प्यायला जातो. नोकरीत हे मला पाठ होतं, घरात मात्र सुचलं नव्हतं.

घरी माझा चार वर्षांचा लेक आहे. त्याच्या हातून मोबाईल घ्यायची वेळ आली की रोज रणकंदन. फरशीवर लोळण, लाथा, किंचाळणं. एकदा आज्जीच्या मनगटाला असा चावला की संध्याकाळपर्यंत दातांचे वण दिसत होते. बागेतून घरी आणताना तेच, आंघोळीला नेताना तेच. आम्ही तिघंही त्याला एकच वाक्य ऐकवायचो, "अजून पाच मिनिटं हं." माझी पाच मिनिटं भाकरी होईपर्यंतची, नवऱ्याची त्याचा फोन संपेपर्यंतची आणि सासूबाईंची तो रडायला लागेपर्यंतची. रडला की आणखी पाच.

पुण्यात ड्युटीवर गेले असताना एका खेळण्यांच्या दुकानात हा सेट दिसला, २९० रुपयांना घेतला. लाल १ मिनिटाचं, पिवळं ३ मिनिटांचं, निळं ५ मिनिटांचं. आत काचेची नळी, बाहेरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना रबरी बूड. घरी आल्यावर मोबाईलवर वेळ लावून पाहिली. निळं ४ मिनिटं ३५ सेकंदांत रिकामं होतं, पिवळं १० सेकंद जास्त घेतं. डब्यावर अचूक वेळ म्हणून छापलंय, ते खरं नाही. मुलाच्या कामाला त्यानं काही अडत नाही, कारण रोज वाळू तेवढाच वेळ घेते, आणि त्याला तेवढंच हवं असतं.

चार वर्षांच्या मुलाला मिनिट कळत नाही. पण वरची वाळू कमी होताना दिसते, मधे खळगा पडतो, खाली टेकडी होते, हे तो डोळ्यांनी बघतो. पहिल्या दिवशी मोबाईल बघायचा सोडून तो घड्याळाकडेच बघत बसला. मला वाटलं, जिंकलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र हट्ट पूर्वीपेक्षा वाढला. लस द्यायला गेलो तेव्हा बालरोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, आजवर रडलं की मिळत होतं, आता मिळत नाही, म्हणून तो आणखी मोठ्यानं रडून बघणार. या दिवसांत एकदाही सोडलंत, तर जास्त रडायचं असतं हेच तो शिकेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात सगळा मिळून एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, हेही त्यांनीच सांगितलं. आमचा तास कधीच उलटून गेलेला असायचा.

चौथ्या दिवशी त्यानं निळं घड्याळ हळूच आडवं केलं. "आई, थांबलं बघ." वाळू खरंच थांबली होती. आडवं ठेवलं की वेळ थांबते, ही या वस्तूतली मोठी उणीव. त्याला मी रागावले नाही, घड्याळ फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलं. दिसतं, पण हात पोचत नाही. आता उलटं करायचा मान त्याचा, मी कडेवर घेते, तो उलटं करतो. तुमच्याकडे अशी जागा नसेल तर आधी ती शोधा.

नुसती वाळू संपून भागत नाही, पुढे काय आहे तेही त्याला सांगावं लागतं. "वाळू संपली की मोबाईल तू ठेवणार, की आज्जीच्या हातात देणार?" एवढं विचारलं की त्याच्याकडे ठरवायला काहीतरी उरतं. दिला की लगेच, "वाळू संपल्यावर स्वतःहून दिलास," असं नेमकं बोलायचं. नुसतं "शहाणा बाळ" म्हटल्यानं त्याला कळत नाही की शहाणपण कशात होतं. दात घासायला लाल दोनदा, एकदा वरच्या दातांना, एकदा खालच्या. तिथे मात्र पहिल्या आठवड्यातच जमलं.

माझी चूकही लिहिते. मधे मी त्याला शिक्षा म्हणून पिवळं घड्याळ देऊन कोपऱ्यात बसवलं. दोन दिवसांतच तो घड्याळ दिसलं की तोंड फिरवायला लागला. शिक्षेला हे वापरू नका. आणि तो भुकेला असेल, झोपेला आला असेल, अंगात कसकस असेल, तर वाळू आणि बोलणं दोन्ही बाजूला ठेवून आधी खायला द्या किंवा निजवा. मूल स्वतःचं डोकं आपटत असेल, येत असलेले शब्द विसरत असेल, हाकेला वळत नसेल, तर घड्याळांवर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी) आहेत, तिथे तपासणी मोफत होते.

सासूबाई आधी म्हणाल्या, "वाळू बघून पोरं वाढतात व्हय?" मी म्हटलं, "आई, पंधरा दिवस माझ्यासाठी करा." त्यांनी केलं. नातू रडला तरी निळ्यानंतर दुसरं निळं लावलं नाही, आणि ते त्यांना सोपं गेलं नाही, डोळे पुसताना मी पाहिलंय. आता गोष्ट सांगताना त्या स्वतःच घड्याळ लावायला सांगतात.

मागच्या आठवड्यात मी फोनवर बोलत होते. "हे संपलं की आपण गाड्या खेळू," म्हणून निळं लावलं होतं. वाळू संपली, माझं बोलणं चालूच. तो येऊन पुढ्यात उभा राहिला आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, तुझी वाळू संपली." मी फोन ठेवला आणि खाली बसले.

लोळण अजून होते, आठवड्यातून एखाददुसरी, पूर्वी दिवसाला तीन-चार व्हायच्या. चावणं थांबलंय.

घ्यायचा विचार असेल तर एवढं बघा. बाहेरचं कवच प्लॅस्टिकचंच हवं, आमचं पिवळं दोनदा फरशीवर पडलंय आणि शाबूत आहे. दुकानातच उलटं करून बघा, वाळू मधेच अडकली तर दुसरं मागा, आमच्या लालची अधूनमधून अडकते, टिचकी मारावी लागते. आणि निळं एकटं मिळत असेल तर तेच घ्या, बाकीच्या दोनांचं काम थोडंच आहे.