पोटातला लिम्फोमा आणि मेंदूतला: नाव एक, तऱ्हा दोन

लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) म्हटलं की मानेतली नाहीतर काखेतली गाठच आठवते, पण हा जठरातही होतो नि मेंदूतही, आणि दोघांचं वागणं एकदम उलटं. जठरातला माल्ट लिम्फोमा (MALT, म्हणजे आतल्या अस्तरातल्या लिम्फ ऊतीतला) संथ, कित्येक महिने नुसती अ‍ॅसिडिटीच वाटते, मागे बहुतेकदा एच. पायलोरी हा जंतू (यावर २००५ चं नोबेल मिळालंय), आणि तो असेल तर १०-१४ दिवसांच्या अँटिबायोटिक्सनंतर बऱ्याच जणांचा लिम्फोमाच हळूहळू विरतो, मला तर आधी खरंच वाटेना! मेंदूतला मात्र आठवड्यांत वाढतो, माणूस विसरायला लागतो, तोल जातो. त्यात बायोप्सीआधी स्टेरॉइड दिलं तर गाठ आक्रसते आणि काढलेल्या तुकड्यात काही सापडतच नाही असं होऊ शकतं. औषध म्हणजे मुख्यतः हाय डोस मेथोट्रेक्सेट, कारण नेहमीची बरीचशी किमो मेंदूत नीट पोचतच नाही.