चाकात नसलेले सेन्सर आणि १४,२०० रुपये

जानेवारीतली गोष्ट. इंदूरमध्ये सुदामानगरहून पलासियाला निघाले होते. गाडी सुरू केली आणि समोर पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आणि मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो, एवढं मला ठाऊक होतं. चार दिवसांनी आईला घेऊन धुळ्याला मावशीकडे जायचं होतं, म्हणून वाटेतल्याच एका मोठ्या टायरच्या दुकानात गाडी घातली. चकचकीत दुकान होतं, आत एसी, बाहेर अलाइनमेंटची मशीन. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण काय झालं ते सगळं लिहिते, कारण हा प्रकार माझ्या एकटीपुरता नाही.

तिथल्या माणसाने रिमोटएवढं एक यंत्र आणलं आणि चारही चाकांच्या वॉल्व्हजवळ धरलं. प्रत्येक वेळी पडद्यावर लाल अक्षरं आली. "दीदी, सिग्नल ही नहीं आ रहा. चारों सेंसर गए." मी म्हटलं, गाडीला तीनच वर्षं झाली आहेत. तो म्हणाला, बॅटरी संपते, आणि एक गेला की बाकीचेही जातात, हायवेवर निघणार असाल तर जोखीम घेऊ नका. आई बरोबर असणार होती. मी हो म्हटलं.

सेन्सर प्रत्येकी ३,०००, कोडिंगचे १,२००, फिटिंग आणि बॅलन्सिंगचे १,०००. एकूण १४,२०० रुपये यूपीआयने दिले. चाकं मागच्या शेडमध्ये नेली, मला पुढे बसवून चहा दिला. तासाभराने गाडी आली, वॉल्व्ह नवे, चांदीसारखे चमकणारे. त्याने आत बसून काहीतरी केलं आणि दिवा विझला. दिवा विझला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं, आणि कोणालाही तेच वाटलं असतं. पक्कं बिल मागितलं तर 'टायर वर्क' एवढंच लिहिलेली चिठ्ठी हातात दिली.

धुळ्याला निघालो त्या दिवशी मानपूर सोडल्यावर दिवा पुन्हा लागला. मी लगेच दुकानात फोन केला. उत्तर आलं, "नए सेंसर हैं दीदी, सेट होने में टाइम लेते हैं. चलाते रहिए." म्हणून मी चालवत राहिले. घाटाचा तो सगळा उतार, मागेपुढे लादलेले ट्रक, शेजारी माझी सत्तर वर्षांची आई. हे आठवलं की आजही माझे हात थंड पडतात.

खलघाटला आई म्हणाली, थांब गं जरा, नर्मदेला नमस्कार करते. तेवढ्यासाठी उतरलो आणि मागचं डावं चाक बसलेलं दिसलं.

रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने गेज लावला. हवेचा दाब निघाला १८ पीएसआय. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं आहे. टायरच्या नक्षीत एक बारीक स्क्रू रुतलेला निघाला, डोकं पार झिजून गुळगुळीत झालेलं, म्हणजे बऱ्याच दिवसांचा. हवा रोज थोडी थोडी जात होती. पहिल्या दिवशी दिवा लागला तो याच स्क्रूमुळे! दुकानात हवा भरली, स्क्रू तिथेच राहिला.

त्या पंक्चरवाल्याने भोकात नुसती रबराची बत्ती ठोकून पैसे घेतले नाहीत. म्हणाला, कमी हवेवर चाललाय, आतून बघायला हवं. टायर रिमवरून उतरवून आत हात फिरवला आणि मला दाखवला. बोटांना काळी भुकटी लागली होती. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते आणि आतला रबर झिजून त्याची भुकटी होते. तो टायर बाद होता. मग रिमकडे बघत त्याने विचारलं, "सेंसर? कौन सा सेंसर, बहनजी? यहाँ तो सादा वॉल्व है." मी फोटो काढला. खरोखर तिथे काहीच नव्हतं, नुसता स्टीलचा वॉल्व्ह. स्टेपनी चढवून त्याने १५० रुपये घेतले.

माझा मामेभाऊ पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. खलघाटहूनच त्या दादाला फोन लावला. गाडीचं मॉडेल ऐकताच तो म्हणाला, "अगं, तुझ्या गाडीच्या चाकात सेन्सर नसतातच. कंपनी ते देतच नाही."

त्याने जे समजावलं ते मी सगळ्यांसाठी लिहिते, कारण हेच माहीत असतं तर मी त्या दुकानातून पाच मिनिटांत बाहेर पडले असते.

टायरची हवा ओळखायच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला जोडलेली छोटी डबी असते. ती दाब मोजते आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवते. अशा बहुतेक गाड्यांत पडद्यावर चार चाकांचे चार आकडे दिसतात. डबीतली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते आणि ती सीलबंद असते, बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. पण चारही एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत चाकात काहीच नसतं. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाच्या मध्यभागी, हबजवळ, फेरे मोजणारा सेन्सर आधीपासून असतोच. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं आणि तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. संगणक हा फरक पकडतो आणि दिवा लावतो. माझी गाडी या दुसऱ्या प्रकारातली. तिच्या वॉल्व्हजवळ यंत्र धरलं तर सिग्नल येणार कुठून?

आणि दिवा विझला कसा? अशा गाडीत हवा भरल्यावर एक रीसेट द्यावा लागतो, 'आत्ताची हवा बरोबर समज' असं गाडीला सांगण्यासाठी. आत बसून त्याने तेवढंच केलं होतं. याला काही पैसे पडत नाहीत. हँडबुकात एका पानावर सगळं लिहिलेलं आहे. टायरमध्ये हवा कमी असताना कोणी हा रीसेट दिला तर गाडी तीच कमी हवा बरोबर धरून चालते, हेही लक्षात असू द्या. दादाने आणखी एक खूण सांगितली. यंत्रणेतच बिघाड असेल तर दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. माझा दिवा दोन्ही वेळा सरळ लागला होता. तो खरं तेच सांगत होता, हवा कमी आहे. दुकानाने मला त्या दिव्यावर अविश्वास ठेवायला शिकवलं. पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आहे.

परत आल्यावर हँडबुक आणि फोटो घेऊन दुकानात गेले. आधी म्हणाले, वाटेतल्या पंक्चरवाल्याने सेन्सर काढून घेतले असतील. ज्या माणसाने आमचा जीव सांभाळला, त्याच्यावर चोरीचा आळ! मी म्हटलं, मग उरलेली तीन चाकं माझ्यासमोर उघडा. त्यावर आवाज चढला, मालक नाहीत, उद्या या. ती तीन चाकं मी दुसरीकडे उघडून घेतली आणि व्हिडिओ केला. तिन्हीत साधे वॉल्व्ह.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानातून फोन आला, ८,००० घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, चिठ्ठी, फोटो, व्हिडिओ आणि हँडबुकाच्या पानाची प्रत असे कागद जोडून अर्ज तयार केला आहे. बाद झालेल्या टायरची किंमतही त्यात धरली आहे.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्याने येत होते. दुकानासमोर एक पांढरी गाडी जॅकवर होती आणि बाकावर एक काका-काकू बसलेले. काकू म्हणत होत्या, "अहो, सेन्सर म्हणजे नक्की काय असतं?" मराठी कानावर पडलं तशी गाडी कडेला लावली आणि जाऊन विचारलं, "काका, तुमच्या पडद्यावर चार टायरचे चार आकडे दिसतात का?" ते म्हणाले, नाही बुवा, नुसता दिवा लागतो. मी त्यांना हँडबुकातलं पान काढून दाखवलं. काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा खिशात ठेवला आणि शेडकडे जाऊन चाकं होती तशी परत बसवायला सांगितली.