नाताळचं गिफ्ट म्हणून आलेला ओटीजी : नऊ महिने वापरल्यावर, आणि त्या टायमरबद्दल

आधीच सांगते, किती लिटर, किती रॉड, पंखा आहे की नाही हे सगळं बॉक्सवर छापलेलं असतं, ते मी परत लिहीत बसणार नाही. आमचा २८ लिटरचा साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, १५०० वॅट, तीन नॉब. त्यातल्या तिसऱ्या, टायमरच्या नॉबने माझं डोकं फिरवलंय म्हणून हे लिहिते. कंपनीचं नाव टाकत नाही कारण भांडण आत्ताच कुठे मिटलंय आणि वॉरंटी अजून सव्वा वर्ष शिल्लक आहे, उगाच कशाला.

गेल्या महिन्यात झालं काय, गणेश चवथीची पाहुणेमंडळी गेल्यावर म्हटलं थोडी नानकटाई करू, ट्रे आत टाकला, टायमर लावला आणि कपडे काढायला गच्चीवर गेले. टिंग वाजलंच नाही. खाली येते तर घरभर धूर, टायमर सातवर अडकून बसलेला आणि दोन्ही रॉड लालबुंद. नानकटाई म्हणजे कोळसे. टायमर अडकला की ओव्हन बंदच होत नाही हे लक्षात ठेवा, भिंतीवरच्या स्विचवर विश्वास ठेवा, नॉबवर नको.

तर हा आला कुठून. नवरा हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, गोव्यात कांदोळीला, आणि ज्यांच्या घरात कोण हॉटेलात असेल त्यांना माहीत आहे की डिसेंबरात त्या माणसाचं तोंड घरच्यांना दिसत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, पाच नाताळ मी आणि टीव्ही. गेल्या वर्षी पहिल्यांदा २४ ची रात्र आणि २५ सुट्टी मिळाली. आम्ही म्हापशाला एका आंटीच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, मी मूळची कुडाळची, आमच्याकडे नाताळ म्हणजे शाळेची सुट्टी एवढंच. पण इथे खाली आंटी अंगणात गोठो (येशूजन्माचा देखावा) करते, गेटवर नक्षत्र (चांदणीचा कंदील) लावते, आणि २५ ला सकाळी क्रोशाच्या रुमालाखाली ताट वर येतं, नेवऱ्या (म्हणजे करंज्या), दोदोल, कुलकुल, दोस असं गोडधोड. आमच्याकडून तिला चवथीला नेवऱ्या जातात. ताट रिकामं परत करायचं नाही हे दोन्हीकडे सारखंच.

बाहेर कुठे जायचं नाही असं ठरलं, त्या दिवसांत कळंगुटच्या रस्त्यावर गाडी घालणं म्हणजे संध्याकाळ वाया. घरीच जेवण, आणि एकमेकांना एक एक गिफ्ट, प्रत्येकी २००० च्या वर जायचं नाही हा नियम माझा. मी माझा नियम पाळला. त्याच्या बाबांचं जुनं एचएमटी जनता होतं, चावीचं, कपाटात किती वर्षं बंद पडलेलं, ते बाजारातल्या एका म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडून साफ करून घेतलं, काच बदलली, पट्टा नवीन. एकूण ६५० रुपये. त्याने ते कानाला लावलं आणि बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला बाबा रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे. खाली चर्चची घंटा वाजत होती, मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुरू व्हायची वेळ. छान चाललं होतं.

मग त्याने पलंगाखालून हा खोका ओढला. ७४९९ रुपये! नियम गेला खड्ड्यात. आणि वर बायकोला गिफ्ट काय, तर स्वयंपाकघरातली वस्तू, म्हणजे आणखी काम. मी तोंडावर बोलले नाही पण चेहऱ्यावर आलं असणार, कारण तो म्हणाला, "अगं तुझ्यासाठी म्हणजे, बेबिंकासाठी." मी मनात म्हटलं, बेबिंका (गोव्याची थराथराची मिठाई) बाजारात मिळते की.

दोन दिवस मी बॉक्स उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी उघडला, प्लग बघितला तर जाडा, १६ अँपियरचा. आमच्या ओट्याजवळ तसला पॉइंट कुठे, म्हणून मी जरा खुशीतच त्याला ऐकवायला निघाले आणि तेव्हा लक्षात आलं की आहे की! नोव्हेंबरात त्याने इलेक्ट्रिशियन आणून ओट्याच्या कोपऱ्यात एक पॉइंट काढून घेतला होता, मिक्सरसाठी म्हणून, १४०० रुपये गेले म्हणून मी चार दिवस कुरकुरले होते, भाड्याच्या घरात आपले पैसे घालतं का कोण. अर्थिंगसुद्धा तपासून घेतलं होतं. आणि ओट्यावरची ती स्टीलची मांडणी चार बोटं सरकवलेली, ती का ते मला दीड महिना कळलं नव्हतं. ओव्हन तिथे बरोब्बर बसला, मागे हवेला जागा ठेवून. त्यामुळे मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात दिलेला एक स्टार मागे घेतला. अडीच तरी.

आता बेबिंका. गेली तीन वर्षं मी आंटीला म्हणत होते मला शिकव, आणि ती म्हणायची आता कोण करतं ते, गुडघे चालत नाहीत. पूर्वी ती चुलीवर करायची, झाकणावर सोडणाचे (नारळाच्या सालांचे) निखारे ठेवून. हे मी नवऱ्याला कधी सांगितलं ते मलाच आठवत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेबिंका केकसारखी एकदम भाजत नाहीत, एक थर ओतायचा, वरून तपकिरी होईपर्यंत भाजायचा, त्यावर तूप, मग पुढचा थर, असे निदान सात. गोव्याच्या बेबिंकाला २०२३ मध्ये जीआय (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) मिळालं, तरी बाजारातल्या बऱ्याच बेबिंका नुसत्या गोड रबर असतात.

नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी आंटी जिना चढून वर आली, खुर्ची टाकून बसली. दहा अंड्यांचा पिवळा बलक, दोन नारळांचं जाड दूध, मैदा, साखर, जायफळ, तूप हात न आखडता. (दहा पांढरे उरतात, नवऱ्याने दोन दिवस त्याचंच आमलेट खाल्लं, काय करणार, टाकायचं का.) आंटीचं एकच म्हणणं, "उजो वयल्यान जाय, बाय," म्हणजे आग वरून हवी. म्हणून फक्त वरचा रॉड, २०० वर. पहिला थर ओतला, टायमर १२ मिनिटं. चार मिनिटांत थर्मोस्टॅट टक करून बंद, रॉड लालचा काळा, थर पांढराफटक. आतली हवा तापली की याला वाटतं काम झालं. शेवटी युक्ती सापडली, नॉब पूर्ण २५० वर आणि दारात लाकडी डाव अडकवून दोन बोटं फट. मग रॉड लाल राहतो आणि थर कसा सुरेख रंगतो, कडा आधी, मग मध्ये डाग डाग, मग सगळा बदामी.

पण टायमर! १२ वर लावला तर कधी नवव्या मिनिटाला टिंग, कधी सतराव्या. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय की कमी वेळ लावायचा तर नॉब आधी २० च्या पुढे फिरवा आणि मग मागे आणा. तसं केलं तरी दोन मिनिटं इकडे तिकडे. केकला काय फरक पडत नाही, चाळीसचे बेचाळीस झाले तर झाले, पण बेबिंकाच्या थराला तीन मिनिटं म्हणजे बदामी की करपट. तिसरा थर करपल्यावर नवरा मनगट वर करून स्टूलवर बसला आणि बाबांच्या घड्याळावर मोजायला लागला. चौथ्यापासून सातव्यापर्यंत एकही थर बिघडला नाही. म्हणजे बघा, साडेसात हजारांच्या मशीनचं काम साडेसहाशेचं घड्याळ करत होतं. मोबाइल होता की बाजूला, पण नाही, घड्याळच. आंटीने दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर एक तुकडा खाल्ला, थर नखाने उलगडून बघितले, तिसऱ्याशी थांबली, आणि म्हणाली पुढच्या खेपेला तूप जास्त घाल.

बाकी वापर म्हणाल तर ब्रेड मी करतच नाही, दारात रोज पोदेर (पाववाला) येतो, पण सकाळची पोळी (गव्हाची, पोदेराकडची) संध्याकाळी पाच मिनिटं आत टाकली की परत ताजी. बोलिन्यास (नारळाची बिस्किटं) उत्तम होतात. चिकन एकदा केलं, जाळी घासताना जीव गेला. बिलाचा बाऊ करू नका, मी मीटर बघून आले होते, पूर्ण बेबिंकाला दोन युनिटच्या थोडं वर. क्रम्ब ट्रेला (खालच्या, चुरा पडतो त्या ट्रेला) पावसाळ्यात गंजाचे ठिपके आले, आमच्या दमट हवेत ते होणारच, पुसून कोरडा ठेवा.

जूनमध्ये आणखी एक गंमत कळली. केक आत असताना लाइट गेली. टायमर चावीचा, त्याला लाइटचं काय सोयरसुतक, तो आपला टिकटिक करत राहिला आणि वेळेवर टिंग वाजवून मोकळा. आत कच्चं पीठ.

आता सर्व्हिस. नानकटाईच्या कोळशानंतर तक्रार टाकली तर बिल मागितलं. बिल नवऱ्याने मला किंमत कळू नये म्हणून लपवलेलं, इतकं चांगलं लपवलेलं की त्यालाच सापडेना, दोन दिवसांनी स्कूटरच्या डिकीत मिळालं, अर्धी अक्षरं उडालेली. तसल्या गुळगुळीत कागदावरचं बिल घेतल्या घेतल्या फोटो काढून ठेवा. टेक्निशियन आठ दिवसांनी आला, दारातला डाव बघितला आणि म्हणाला, मॅडम दार उघडं ठेवून वापरता म्हणून गरम हवेने टायमर गेला, हे वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, दार बंद ठेवून वरचा रॉड चार मिनिटांच्या वर चालवून दाखव, मी पैसे देते. त्याने लावलं, टक, बंद. परत लावलं, टक. त्याने कुठेतरी फोन केला, बराच वेळ गॅलरीत बोलला. पार्ट फुकट, व्हिजिटचे ३५० द्यायचे यावर मिटलं. त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही, पण ते मी त्याला बोलून नाही दाखवलं.

परवा नवीन टायमर बसला. १२ वर लावून बघितला, नवरा मनगट वर करून उभा. चौदाव्या मिनिटाला टिंग. आधीपेक्षा मोठ्याने वाजतं एवढं मात्र खरं, खाली आंटीला पण ऐकू गेलं.