पाढ्यांचं मशीन, घ्यावं का?

लेक घरीच शिकते म्हणून ऑनलाइन मागवलेलं हे पाढ्यांचं छोटं मशीन, गुहागरात आमच्याकडे ३ महिने चालू आहे. सेलवर चालतं, त्यामुळे पावसात लाइट गेली तरी अडत नाही. चुकलेलं गणित थोड्या वेळाने परत विचारतं हे भारी, सात आठे छप्पन्न असंच बसलं आणि मग आठ सत्ते वेगळं पाठ करायला नको हे तिचं तिलाच कळलं! पण बटणं फार कडक, जोर लावला की ५६ चं ५६६ होतं, टूं वाजतं आणि पोर रडकुंडीला. टायमर बंदच करता येत नाही, अजिबात नाही आवडलं. आवाज इंग्रजीत, पावकी-निमकी म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे तर विसराच, त्यासाठी आजोबा बसतात ओटीवर काजूच्या बिया घेऊन.